गोधडीवरची बाटली

"लिहिता येत न्हाई म्हणतीय? मंग पाटी-पेन्सिल दे की तिला," हणमंतराव म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पोट हलवून हसले.

ताहेर हसला नाही. समोरच्या लॅपटॉपनं शुक्रवारची सारी सकाळ त्याला तोंडघशी पाडलं होतं. सीडी घातली की निळा पडदा यायचा, पट्टी झोकात सरकायला लागायची, वीस टक्के, तीस टक्के, आणि चाळिशीच्या अलीकडं कुठंतरी गाडी चिखलात रुतल्यासारखी थांबायची. मग लॅपटॉपच्या पोटातून 'टक्' असा आवाज यायचा आणि पडद्यावर निरोप उमटायचा, की या डिस्कवर लिहिता येत नाही. डिस्क पुसून काढली, तिचे चार तुकडे पाडले, चारांचे परत दोन केले. सीडी बदलली. डिस्क बाहेर काढून दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरला वायरीनं जोडली, तरी तिथंही टक्. परक्या घरात गेली तरी बाईनं आपला हेका सोडला नाही.

"मालक, ही डिस्क न्हाई, सवत हाय," ताहेर म्हणाला. "पण विंडोज तर हिच्यावर मीच टाकणार. जबान दिली हाय सरांना."

लातूरच्या डाळ गिरण्यांच्या वस्तीत हणमंतरावांची गिरणी होती. गिरणीच्या तोंडाशी दोन गाळे. एकात गिरणीचं ऑफिस आणि दुसऱ्यात ताहेरचं 'अर्शिया कॉम्प्युटर'. दुकानाला पोरीचं नाव दिलं तेव्हा पोरगी रांगत होती, आता ती दहावी होऊन बसली होती. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असं ताहेरचं दुकान काळाप्रमाणं बदलत आलं होतं. "इथून दुरुस्त न होता परत गेलेलं एक मशीन दाखवा, दुकानाला कुलूप लावतो," असं तो कुणालाही सांगायचा. ते खरंही होतं. जी मशीनं दुरुस्त झाली नव्हती ती त्यानं परतच दिली नव्हती. सगळी माळ्यावर होती.

गाळ्यांच्या वर एक लांबलचक हॉल होता. पूर्वी तिथं बारदान ठेवायचे. पण त्या वर्षांत लातुरात क्लासचं असं पीक आलं होतं की बारदान ठेवणं परवडेना. नुसत्या पाट्या वाचत माणूस चौकातून स्टेशनापर्यंत गेला तर फिजिक्सची एक उजळणी होऊन जायची. कुठं कुठं जिन्याखालीही क्लास होता, तिथं बुटक्या पोरांची बॅच बसायची. तर हा हॉल आदिनाथ सरांनी घेतला होता.

आदिनाथ सर जीवशास्त्र शिकवायचे, आणि एका मोठ्या क्लासमधली नोकरी सोडून आले होते. सोडताना तिथला मालक त्यांना म्हणाला होता, "सर, पोरं तुम्हाला बघायला येत नाहीत, आमचा पडदा बघायला येतात. महिन्यात परत याल." सरांना ते झोंबलं. त्यांनी दोन वर्षं खपून लॅपटॉपवर एक धडधडतं हृदय तयार केलं होतं. झडपा उघडतात, रक्त निळं येतं, लाल होऊन जातं, सगळं हलतं-चालतं. रविवारी चार वाजता डेमो लेक्चर होतं. उदगीरहून, मुदखेडहून पालक यायचे होते. आणि बुधवारी कुणा पोराचा पेनड्राइव्ह लागला नि लॅपटॉपला व्हायरस चिकटला. हृदय सरांच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर सुखरूप होतं, पण ते चालवायचा प्रोग्रॅम त्या एकाच लॅपटॉपच्या नावावर होता. दुसऱ्या कुठल्या मशीनवर तो हू का चू करत नव्हता.

ताहेरच्या मनात मात्र हृदयापेक्षा मोठी गोष्ट होती. अर्शियाला डॉक्टर व्हायचं होतं. मोठ्या क्लासच्या खिडकीवर तिची उर्दू शाळेची मार्कशीट बघून बाईनं ती तशीच परत सरकवली होती. "उर्दू मीडियम? आमच्या बॅचला झेपणार नाही." आदिनाथ सरांनी ती मार्कशीट दोनदा वाचली आणि म्हणाले, "दिलाला कुठं मीडियम असतं, ताहेरभाई? क्लास सुरू झाला की पहिला बाक अर्शियाचा." पण क्लास सुरू व्हायचा तर रविवारी हॉल भरायला पाहिजे, हॉल जिंकायला हृदय पाहिजे, आणि हृदयाला विंडोज पाहिजे. एवढी सरळ साखळी होती, आणि तिची एक कडी रोज टक् करून तुटत होती.

दुपारी ताहेरची बायको कहकशां डबा घेऊन आली. तिनं बशीत चहा ओतला. बशीतल्या चहावर एकात एक अशी गोल गोल वलयं उठत राहिली, आणि ती ताहेरच्या हाताकडं बघत राहिली.

"अजी, हात बघा तुमचा. चहा कसा थरथरून राहिला."

"बीपी हाय. गोळी घेतो की रोज."

"तळपायाला मुंग्या येतात त्याची?"

"ती वेगळी गोळी."

"मग एखादी या डब्याला पण द्या," लॅपटॉपकडं हनुवटी करून कहकशां म्हणाली. "नाहीतर नबीलला दाखवा. माझा भाऊ नांदेडात मोठमोठ्या कंपन्यांचे लॅपटॉप खोलून राहिला."

हे नाव ताहेरला नको होतं. मेहुणा नबील म्हणजे डिप्लोमावाला. सासुरवाडीला गेलं की सासूबाई जेवताना म्हणायच्या, 'आमचा नबील शिकून करतो, जावईबापू अंदाजानं करतात.' त्या घरी हात जोडून मशीन न्यायचं म्हणजे पुढची दहा वर्षं बिर्याणीबरोबर तेच वाढून घ्यायचं. पण संध्याकाळपर्यंत डिस्कनं आणखी पाच वेळा टक् केलं, तेव्हा ताहेरनं लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला.

निघताना तो चार्जर घ्यायला ऑफिसात डोकावला, तर हणमंतराव बाटलीवरची धूळ पुसत होते.

या बाटलीबद्दल इथं सांगायलाच हवं. भूकंपात हणमंतरावांचं गावाकडचं दगडमातीचं घर बसलं. घरातली माणसं वाचली, कारण गणपती बुडवून आल्यावर सगळी अंगणातच आडवी झाली होती. शेजारच्या घरांचं काय झालं ते हणमंतराव कधी बोलत नसत. पण तेव्हापासून त्यांच्याजवळ एक काचेची सरबताची बाटली असायची, तोंड खाली आणि बूड वर, स्टीलच्या ताटलीत उभी केलेली. जमीन हलली की बाटली पडणार, बाटली पडली की हणमंतराव गळ्यातली शिट्टी वाजवणार, शिट्टी वाजली की मुकादम लिंबाजी मेन स्विच पाडणार आणि सगळ्यांनी आवारातल्या लिंबाखाली जमायचं. मग तासभर कुणीही आत जायचं नाही. इतक्या वर्षांत बाटली पडली ती बहुतेक मांजरामुळं, आणि एकदा लिंबाजीच्या कोपरामुळं. पण शिट्टी दर वेळी वाजली होती आणि नियम दर वेळी पाळला गेला होता.

बाटलीची ताटली एका पाटावर होती, पाट चार पदरी गोधडीवर आणि गोधडी एका उशीवर.

"मालक, एवढी गादी कशाला बाटलीला?" ताहेरनं जाता जाता विचारलं.

"नुसत्या टेबलावर ठिवली तर टिकत न्हाई. घटकेला पडती. गोधडीवर कशी गप ऱ्हाती बघ." हणमंतरावांनी गोधडी थोपटली. "खरा भूकंप आला तरच पडंल."

टेबलावर ठेवली तर का पडते, हे त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं नि त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. ताहेरनंही विचारलं नाही. भिंतीपलीकडं गिरणी तुरी भरडत होती.

शनिवारी पहिल्या एसटीनं ताहेर नांदेडला गेला. नबीलनं लॅपटॉप उघडला, डिस्क तपासायला लावली, आणि चहा येईपर्यंत निकाल दिला.

"दुल्हेभाई, डिस्क एकदम तंदुरुस्त हाय. लिहून राहिली, वाचून राहिली. एक डाग न्हाई."

"असं कसं? तिकडं तर..."

"तिकडं काय करता तुम्ही हिला?" नबील हसला. "बसा अर्धा तास. मीच टाकून देतो विंडोज. ही जरा नाजूक जातीची डिस्क हाय, हिच्यात एक..."

आता दुसरा कुणी असता तर बसला असता. ताहेरच्या डोळ्यांसमोर मात्र सासूबाई आल्या. हातात बिर्याणीचं पातेलं आणि चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' असा भाव. त्यानं लॅपटॉप मिटला.

"तपासायला आणली होती. तपासली. विंडोज मीच टाकणार."

"अहो पण ऐकून तर घ्या, हिच्यात..."

"मी रेडिओ खोलत होतो तेव्हा तू पाळण्यात होता, नबील. मला नको शिकवू."

"जेवून तर जा. अम्मीनं..."

"बस सुटून राहिली!" ताहेर ओरडला आणि धावत सुटला. बस सुटायला बराच वेळ होता. तो स्टँडवर शेंगदाणे खात बसला, पण मान ताठ ठेवून.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, डिस्क तंदुरुस्त होती, हात रिकामे होते. लातुरात पोचताना विंडोज टाकलेलाच लॅपटॉप सरांच्या हातात द्यायचा, असं म्हणून त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि सीडी सरकवली.

त्या रस्त्याची त्या वर्षी काय अवस्था होती हे ज्यानं प्रवास केला त्यालाच ठाऊक. लातुरात अख्खी तूर घेऊन बसलेला माणूस नांदेडला डाळ घेऊन उतरायचा. लोह्याच्या अलीकडं पट्टी दहावर होती, तिथंच टक्. परत सुरू केलं. अहमदपूरच्या स्टँडवर बस उभी होती तेवढा वेळ पट्टी घोड्यासारखी पळाली. ताहेरनं शेजारच्या म्हातारीला सांगितलंसुद्धा, "बघा मावशी, आली की न्हाई वळणावर!" ड्रायव्हरनं गाडी काढली, पहिला खड्डा आला, टक्.

"कुणाची तब्येत बिघडली का, बाबा?" म्हातारीनं विचारलं.

"मशीन हाय, मावशी."

"मंग रडायलास कशाला?"

"रडत न्हाई. धूळ हाय."

संध्याकाळी आदिनाथ सर दुकानात वाटच बघत होते. दाढी वाढलेली. विंडोज पडेपर्यंत दाढी करणार नाही, असं त्यांनी बुधवारी जाहीर केलं होतं आणि आता त्याचा पश्चात्ताप करत होते.

"डिस्क चांगली आहे म्हणाला? मग पडत का नाही?"

"सर, तिथं चांगली, इथं वाईट. माणसासारखी वागून राहिली."

"ताहेरभाई, उद्या चार वाजता मी त्या पडद्यासमोर उभा राहणार, नि पडदा कोरा असला तर..." सरांनी वाक्य अर्धंच ठेवलं. "परवा सकाळी मला जुन्या मालकाकडं जावं लागेल."

"पडदा कोरा राहणार न्हाई. अर्शियाची कसम."

कसम खाल्ल्यावर ताहेर स्वतःच दचकला. आजवर त्यानं पोरीची कसम कधी खाल्ली नव्हती. पण शब्द गेला होता.

रविवारचा दिवस. गिरणीला रविवारची सुट्टी नसे, रात्रपाळीही असे, त्यातून तुरीचा माल तुंबला होता. हणमंतरावांनी एवढं मात्र कबूल केलं होतं, की आवाजाचा त्रास नको म्हणून लेक्चरपुरती चारला गिरणी थांबवतो. सकाळपासून ताहेरनं लॅपटॉपचं तोंड पूर्वेला करून बघितलं, उलटा करून बघितलं, पंख्यासमोर धरून बघितलं. दुपारी त्याच्या दुकानातला प्लगबोर्ड एवढ्या जाचाला कंटाळून धूर सोडून मेला.

दोन वाजून गेले होते. लॅपटॉप छातीशी धरून ताहेर शेजारच्या ऑफिसात घुसला. हणमंतराव आवारात सतरंज्या कुठं घालायच्या ते लिंबाजीला सांगत होते. ऑफिसातला प्लग चालू होता, पण टेबलावर डाळीच्या वानगीच्या पुड्यांचा ढीग. तूर, हरभरा, मूग, सगळं उघडं. एक पुडी लवंडली तर मालक जीव घेतील. वायर पोचेल अशी एकच मोकळी जागा दिसत होती. ती बाटलीची.

ताहेरनं बिस्मिल्ला म्हटलं, ताटलीसकट बाटली तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलाच्या कडेला, पुड्यांच्या मधल्या बोटभर जागेत ठेवली. लॅपटॉप पाटावर ठेवला. सीडी सुरू केली.

वीस. तीस. ताहेरनं डोळे मिटून घेतले. टक् ऐकायची त्याची तयारी होती. पण टक् आलं नाही. डोळे उघडले तर पट्टी चाळिशी ओलांडून पुढं गेली होती.

"सर!" तो ओरडला, पण गिरणीच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही.

पंचेचाळीस. पन्नास. डिस्क पोटात गुरगुरत होती, जेवलेल्या मांजरासारखी. आणि तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून ताहेरला दिसलं, की टेबलावरची बाटली चालते आहे. म्हणजे खरोखरच चालते आहे. ताटलीसकट, मुंगीच्या पावलानं, थरथरत, कडेकडं. हात लांब केला असता तर ती धरता आली असती. पण हात लांब करायला पडद्यावरची नजर काढावी लागली असती, आणि ताहेरला मनापासून वाटत होतं की आपण नजर काढली की पट्टी थांबणार. छप्पन्न. बाटली कडेला. सत्तावन्न. बाटली अर्धी बाहेर. अठ्ठावन्न.

खळ्ळ!

काच फुटल्याचा आवाज विरायच्या आत आवारात शिट्टी वाजली. लांबलचक, जीव तोडून वाजवलेली शिट्टी. लिंबाजीनं मेन स्विच पाडला. गिरणीनं एक सुस्कारा टाकला आणि थांबली. हमाल, चाळणवाल्या बाया, रस्त्यावरचा चहावाला, लवकर येऊन जिन्यात टेकलेले उदगीरचे पालक, जीपमधून उतरत असलेले मुदखेडचे पालक, त्यांची पोरं, सगळी धावत लिंबाखाली आली. चार घरं सोडून पलीकडचा एक क्लास सुट्टीच्या दिवशीही भरला होता, तो वह्यांसकट धावत आला. आजूबाजूची गल्ली रिकामी झाली. त्या गावात 'भूकंप' हा शब्द दोनदा म्हणावा लागत नव्हता.

लिंबाजीनं ताहेरला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"सोड! आत अठ्ठावन्न टक्के हाय!"

"किती का टक्के असंना, जीव वाचला पायजे!"

लिंबाखाली हणमंतराव तांब्याभर पाणी जमिनीवर ठेवून त्याच्याकडं एकटक बघत होते. पाणी हललं नाही तर तासाभरानं आत जायचं, हा नियम.

"मालक, मला एक मिनिट आत जाऊ द्या."

"न्हाई."

"लॅपटॉप बॅटरीवर चालून राहिला. कधीबी बंद पडंल."

"पडू दे. तू न्हाई पडायचास." हणमंतरावांचा आवाज असा काही लागला, की ताहेर दोन पावलं मागं सरला. त्या आवाजात शेजारच्या घरांबद्दलचं ते न बोललेलं सगळं होतं.

आता कुठल्या तोंडानं सांगायचं, की भूकंप नव्हता, मी बाटली उचलली होती? सगळ्या गल्लीसमोर मालकांची बाटली खोटी ठरवायची? ताहेर तसाच उभा राहिला. आणि उभा राहिल्या राहिल्या त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. तळपायाच्या मुंग्या गेल्या होत्या. त्यानं हात पुढं धरला. हात दगडासारखा स्थिर. चहावाल्यानं घाईत आणलेली बशी कट्ट्यावर होती, तिच्यातला चहा आरशासारखा सपाट.

एरवी लाइट गेली की गिरणी थांबायची, पण मग ताहेरही दुकान ओढून गप्पा हाणायला चौकात जायचा, आणि गिरणीच्या सुट्टीला त्याचंही दुकान बंद असायचं. बंद गिरणीच्या अंगणात तो इतक्या वर्षांत असा कधी उभाच राहिला नव्हता. त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"नबील, काल तू काय सांगत होता? हिच्यात एक... काय?"

"आता आठवलं का, दुल्हेभाई?" पलीकडून नबीलचा आवाज आला. "हिच्यात झटका ओळखायची सोय हाय. लॅपटॉप हातातून पडला तर डिस्क फुटू न्हाई म्हणून. जरा हादरा बसला की ही सुई वर उचलून घेती आणि लिहायचं थांबवती. टक् आवाज येतो. काल मी तेच सांगून राहिलो होतो. तुमच्या तिथं काही हलतं का?"

ताहेरनं गिरणीकडं बघितलं, एसटीची आठवण काढली, बाटलीखालच्या गोधडीची काढली, आपल्या बीपीच्या गोळ्यांची काढली.

"न्हाई," तो म्हणाला. "इथं काहीच हलत न्हाई." आणि त्यानं फोन ठेवला.

इकडं पालकांची चुळबुळ सुरू झाली होती. उदगीरचे एक जाडजूड गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "काय हो सर, लेक्चर व्हायचं का न्हाई? का आम्ही गाडी पकडावी?" मुदखेडच्या बाईंनी पोराचा हात धरून पिशवी उचलली. आदिनाथ सर पांढरेफटक उभे होते. वर हॉल, हॉलमध्ये पडदा, खाली ऑफिसात लॅपटॉप, आणि आत जायला बंदी. त्यांनी ताहेरकडं बघितलं. ताहेरनं मान खाली घातली.

सर पुढं झाले. मग त्यांनी त्या उदगीरच्या गृहस्थांचं मनगट धरलं.

"थांबा. घाई नको. काका, तुमची नाडी बघू. पोरांनो, घड्याळ कुणाकडं आहे? मोजा!"

गृहस्थ घाबरले. "मला काय झालंय?"

"काही झालं नाही. तुम्ही जिन्यावरून पळत आलात. आता सगळ्यांनी डावीकडं छातीवर हात ठेवा. हां, असा. धडधडतंय?"

"लई धडधडतंय!" एक चाळणवाली बाई मागून म्हणाली.

"का धडधडतंय? शिट्टी ऐकली कानानं, पळाले पाय. हृदयाला कुणी सांगितलं जोरात चाल म्हणून?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही हे कळल्यावर सगळ्यांना ते ऐकायचं होतं. सरांनी हमालांची रांग लावली. चौघांच्या खांद्यावर हात देऊन चार कप्पे केले, दोन बायांना झडपा केलं, उदगीरच्या काकांना फुप्फुस म्हणून उभं केलं, आणि पोरांना रक्त म्हणून त्यांच्यामधून पळवलं. हमालांकडून येताना पोरांनी हात खाली ठेवायचे, काकांना शिवून गेल्यावर हात वर करायचे. एक पोरगं उलटं शिरलं तर झडप झालेल्या बाईनं त्याला असा धक्का दिला की ते परत मागच्या कप्प्यात गेलं.

"शाब्बास!" सर ओरडले. "झडप असंच करते! आणि ही ढिली पडली तर काय होईल?"

"पोरगं मागं जाईल!" सगळी गल्ली एका सुरात म्हणाली. अर्शिया पहिल्या कप्प्याजवळ उभी होती. "म्हणजे रक्त मागं फिरेल. हृदयाला तेच काम दोनदा करावं लागेल," ती म्हणाली, आणि सरांनी तिच्याकडं असं बघितलं की कहकशांनं भर गर्दीत पदरानं डोळे टिपले.

तासाभरानं तांब्यातलं पाणी हललं नाही म्हणून हणमंतरावांनी परवानगी दिली, तेव्हा कुणाला आत जायचं भान नव्हतं. लोक सरांभोवती नावं सांगायला उभे होते. उदगीरचे काका आपल्या पोराबरोबर भाच्याचंही नाव घालत होते. फुप्फुसाचा मान त्यांना फार आवडला होता. मोठ्या क्लासचा मालक बातमी ऐकून स्कूटरवर आला, आवारात पडदा शोधू लागला, आणि पडदा कुठंच न दिसल्यानं तसाच निघून गेला.

ताहेर एकटा ऑफिसात गेला. गोधडीवर, पाटावर लॅपटॉप बसला होता. पडद्यावर निळं आभाळ, हिरवी टेकडी. विंडोज पडली होती. बॅटरीचा काटा अगदी तळाला होता, पण पडली होती. अंधाऱ्या खोलीत ती हिरवी टेकडी बघायला ताहेरशिवाय कुणीही नव्हतं. त्यानं खाली बसून बाटलीच्या काचा गोळा केल्या.

दारात हणमंतराव उभे राहिले.

"मालक," ताहेर काचा ओंजळीत धरून म्हणाला, "भूकंप न्हाई झाला. बाटली मी उचलून टेबलावर ठेवली होती. गोधडी पायजे होती मला."

"ठाव हाय."

"ठाव हाय?"

"मी खिडकीबाहेरच हुतो की. बाटली हातात घेऊन चाललेला बघितला तुला. टेबलावर ठिवलीस तवाच म्हणलं, आता ही पडणार."

"मग शिट्टी कशाला मारली?"

हणमंतराव खुर्चीत बसले. शिट्टी गळ्यातून काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "बाटली पडली की शिट्टी मारायची, हा नेम हाय. कुणी पाडली ते इचारायचं न्हाई." मग म्हणाले, "आन दुसरं, या नव्या हमालांनी, क्लासच्या पोरांनी कधी पळून बघितलं न्हवतं. येक डाव बघितलं पायजे हुतं. समदी कशी भायेर आली, बघितलास न्हवं? येकबी आत ऱ्हायला न्हाई. तू सोडून." त्यांचे डोळे चमकले. "आता काचा टाक आन नवी बाटली आणून दे. सरबत पिऊन रिकामी करायचं काम माझ्याकडं."

"आणि गोधडी?"

"गोधडी मिळणार न्हाई."

हृदयाचा लॅपटॉप मग सरांनी हॉलमध्ये कधी लावलाच नाही. पोरंच लावू देईनात. त्यांना झडपा व्हायचं असायचं. तो लॅपटॉप सरांच्या घरी कपाटात गेला. सरांनी त्याच संध्याकाळी दाढी केली. पहिला बाक अर्शियाचा, तो ठरल्याप्रमाणं अर्शियालाच मिळाला.

ताहेरनं मात्र बीपीच्या गोळ्या बंद केल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्या लागतात, असं त्याचं म्हणणं. गिरणीचं गुपित त्यानं नबीलला सांगितलं नाही, हे सांगायला नकोच. पण पुढं पुढं नव्या लॅपटॉपांत तसल्याच डिस्क यायला लागल्या आणि त्याच्या टेबलावर टक् टक् वाढलं. गोधडी मालक देईनात नि कहकशांही देईना, तेव्हा त्यानं डोकं चालवलं. गिरणी पूर्ण बंद असण्याचा, लाइट चालू असण्याचा असा महिन्यात एकच दिवस होता. मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला, आणि गिरण्यांना अमावास्येची सुट्टी असते.

त्यानं दुकानावर पाटी लावली: 'येथे विंडोज फक्त अमावास्येला टाकून मिळेल.'

तेव्हापासून त्याचा धंदा असा वाढला, की विचारू नका. उदगीरहून लोक येतात. येताना लॅपटॉपबरोबर लिंबू-मिरचीही आणतात, आणि ताहेर काही न बोलता ठेवून घेतो. मागच्या अमावास्येला रांगेत नांदेडचा एक डिप्लोमावालाही टॉवेलात लॅपटॉप गुंडाळून उभा होता. त्याच्या दुकानाशेजारी नुकतीच पिठाची चक्की सुरू झाली होती. ताहेरनं त्याला आधी जेवून घ्यायला लावलं.